फाटकाला मोबाईलवाली मोटर बसवायची का? आधी फाटक पाहा, मग मोबाईल

मी वर्धा-यवतमाळच्या पट्ट्यात फाटकं, शटर, सीसीटीव्ही अशी कामं करतो आणि आजकाल कुठंही गेलो की हा प्रश्न येतोच, "काहून जी, ते मोबाईलनं फाटक उघडते म्हणे, आपल्या इथं बसते का?" पोरगा पुण्यात नाहीतर नागपुरात नोकरीला असतो, त्यानं कुठंतरी रील पाहिलेलं असतं, गाडी दारात आली, फोनवर बोट ठेवलं आणि दार सरसर वर. आता बसायला काय, सगळीकडं बसते, पैसे मोजले की बसवणारा बसवूनच देते. पण बसवल्यावर पहिला पावसाळा निघेल का आणि रात्री लाईन गेली तर ट्रॅक्टर आत राहील का बाहेर, हे कोणी विचारत नाही, म्हणून हे लिहून ठेवतो.

एक गोष्ट आधी क्लिअर करू. रीलमध्ये दिसते ते अमेरिकेतलं गॅरेजचं दार असते, आडव्या पट्ट्यांचं, ते स्प्रिंगच्या जोरावर वर जाऊन छताखाली आडवं झोपते आणि त्याची मोटर छताला टांगलेली असते. आपल्याकडं तसं दार जवळपास कुठंच नाही. आपल्याकडं एकतर टिनाच्या शेडला गुंडाळणारं शटर, नाहीतर कंपाउंडला सरकतं फाटक, नाहीतर दोन पल्ल्यांचं उघडतं फाटक. तिघांच्या मोटरी वेगळ्या. त्यामुळं ऑनलाइन "गॅरेज डोअर ओपनर" असं टाकून जे स्वस्तात दिसेल ते मागवू नका, ते डबं शटरला लागत नाही आणि परत पाठवायची मुदत तोवर निघून जाते.

पहिलं काम फुकटचं आहे. आठ दिवस नुसतं पाहा की फाटक कोण उघडते, कितीदा उघडते आणि कोणत्या टायमाला. घरी दिवसभर बुढा-बुढी आहेत, सालदार आहे, अंगणात कोणी ना कोणी असतेच, तर तुम्हाला मोटरीची गरज नाही, एक चांगली वायरलेस बेल पुरते. पण आईचे गुडघे गेलेत आणि जड फाटक ओढायला तिलाच उठावं लागते, किंवा शेतीची लाईन रात्रपाळीची आहे आणि तुम्ही विहिरीची मोटर चालू करून रात्री उशिरा एकटेच ट्रॅक्टर घेऊन परत येता, खाली उतरा, कुलूप काढा, फाटक ढकला, ट्रॅक्टर आत घ्या, परत उतरा, तर मग विचार करण्यासारखं आहे. तिसरी केस बाहेरगावी राहणाऱ्या पोरांची. त्यांना खरं म्हणजे उघडायचं नसतेच, त्यांना फक्त पाहायचं असते की गोदामाचं शटर लागलं का नाही, आत कापूस भरलेला आहे. त्यासाठी मोटर कशाला पाहिजे बाप्पा? एक दाराचा चुंबकवाला सेन्सर आणि एक कॅमेरा लावा, मोटरीच्या कितीतरी कमी खर्चात काम होते, आणि सेन्सर बिघडला तरी शटर अडकत नाही.

आता फाटकाकडं या. माझा एकच नियम आहे, जे फाटक एका हातानं सरकत नाही त्याला मोटर लावायची नाही. लोकांना वाटते जड जाते म्हणून तर मोटर पाहिजे. तसं नाही ना! मोटर रोजचं चाललेलं फाटक चालवायला असते, अडकलेलं ओढायला नाही. अडकणाऱ्या फाटकाला लावली की प्लास्टिकचा गिअर घासते, बोर्ड ओव्हरलोड दाखवते, आणि शेवटी माणूस म्हणते मोटरच खराब निघाली.

आणि आपल्याकडं फाटक अडकायचं मोठं कारण म्हणजे आपली काळी जमीन. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात तीच जमीन फुगते. खांब वरवरच्या पायावर उभा असला की दरवर्षी थोडा थोडा झुकते, जमिनीतली पट्टी म्हणजे ट्रॅक मधातून उचलते नाहीतर खचते. हातानं ओढताना हे कळत नाही कारण आपण बेमालूम थोडा जास्त जोर लावतो, पण सरकत्या फाटकाच्या मोटरीत दातेरी पट्टी आणि गिअर यांच्यात दीड-दोन मिलिमीटरचीच जागा सोडलेली असते. ट्रॅक तेवढा खचला की फाटकाचं सगळं वजन गिअरवर येऊन बसते. म्हणून काळ्या जमिनीवर ट्रॅक टाकायचा तर काळी माती चांगली खोल काढून मुरूम भरा, पाणी मारून धुम्मस करा, त्यावर सळईचं काँक्रीट सलग टाका, आणि मोटरीचा पाया त्याच काँक्रीटला जोडून घ्या, म्हणजे हलायचं झालं तर दोघं एकत्र हलतील. मोटर वेगळ्या ठोकळ्यावर आणि ट्रॅक वेगळ्या, हे आपल्याकडं चालत नाही.

ट्रॅकमध्ये काय काय सापडते ते पण सांगतो. ट्रॅक्टरच्या टायरनं आणलेला चिखल वाळून विटेसारखा झालेला, सोयाबीनचं कुटार, पऱ्हाटीच्या काड्या, गोटे. रस्त्याच्या लेव्हलच्या खाली दबलेला ट्रॅक असेल तर हे रोजचं आहे. त्यापेक्षा वर आलेला गोल सळईचा किंवा उलट्या व्हीचा ट्रॅक बरा, चाकाखाली कचरा थांबत नाही. तरी झाडू मारावाच लागते, मोटर लावली म्हणजे झाडू सुटला असं नाही.

दोन पल्ल्यांच्या फाटकाला मोटरीचे हात लागतात. तिथं पल्ला किती लांब आहे, खांब आरसीसीचा आहे का विटांचा, आणि वाऱ्याचा जोर किती हे पाहा. पूर्ण पत्रा मारलेला पल्ला असला तर मे-जूनच्या वावधानात तो हातच वाकवते, जाळीचा असला तर वारा निघून जाते. विटांच्या खांबाला हा हात लावू नका, बोल्ट काही दिवसांत हलायला लागते. आणि अंगणाला चढ असला तर आतल्या बाजूनं पल्ला जमिनीला घासते, तिथं सरकतं फाटकच करा.

शटरचं सोपं आहे. फॅब्रिकेटरला शटरचं वजन विचारा, गेज म्हणजे पत्र्याची जाडी आणि साईजवरून तो सांगते, आणि मोटर त्याच्यापेक्षा बऱ्यापैकी वरची घ्या. मोटरीवर किलो लिहिलेले असतात. गाईड साफ करून घ्या, स्प्रिंग ढिली असेल तर आधी ती बदला. एक लक्षात ठेवा, शटरच्या एसी म्हणजे थेट लाईनवर चालणाऱ्या मोटरी सतत चालवायला बनवलेल्या नसतात, लागोपाठ चार-पाचदा वर-खाली केलं की गरम होऊन स्वतःच बंद पडतात आणि थंड झाल्यावर चालू होतात. आपल्या इकडं मे महिन्यात बाहेरच पारा 45 च्या वर जाते, टिनाखाली, शटरच्या पेटीजवळ, तर विचारूच नका. पाहुण्यांना दाखवायला म्हणून पोरं खालीवर करत राहतात आणि मग ऐन वेळी शटर अर्ध्यात थांबते. खराब झालेलं नसते, थांबा जरा.

आता लाईन. ही खरी परीक्षा आहे. गावातल्या घरी गावठाण फीडर म्हणजे घरांसाठीची वेगळी लाईन असते, तिथं लाईन जाते-येते पण चालते. वावरातल्या शेडला शेतीचा फीडर असेल तर लाईन ठराविक तासच राहते, कधी दिवसपाळी कधी रात्रपाळी, आणि उरलेला वेळ तुमची मोटर म्हणजे शोभेची वस्तू. त्यामुळं वावरातल्या शेडला एसी मोटर लावायचा विचार पहिल्याच झटक्यात सोडा. लावायचीच झाली तर 24 व्होल्टची डीसी मोटर बॅटरीसकट घ्या, बॅटरी लाईन असेल तेव्हा भरते नाहीतर छोट्या सोलर पॅनलवर भरते. गावातल्या घरी पण मी डीसीच सांगतो, महाग पडते तरी. संध्याकाळी सगळ्यांचे कूलर आणि टीव्ही चालू झाले की डीपीच्या म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरच्या शेवटच्या टोकाच्या घरी व्होल्टेज एवढं पडते की एसी मोटर नुसती घुंऽऽ करते आणि जागची हलत नाही, आणि तशीच दाबून ठेवली तर वाइंडिंग जळते. घरच्या इन्व्हर्टरवर चालवू म्हणता, चालेल, पण इन्व्हर्टर प्युअर साइनवेव्हचा पाहिजे आणि मोटरीचा स्टार्टिंगचा झटका झेपेल एवढा पाहिजे, जुन्या स्क्वेअरवेव्हवर या मोटरी गरम होतात.

लाईन गेल्यावर दार अडकणं हे काही आपलंच दुखणं नाही. 2017 मध्ये कॅलिफोर्नियात वणवे लागले तेव्हा लाईन गेली आणि काही लोकांना गॅरेजचं दारच उघडता आलं नाही, जीव गेले. त्यानंतर तिथं कायदा झाला आणि 1 जुलै 2019 पासून तिथं विकल्या जाणाऱ्या नव्या ओपनरला बॅटरी बॅकअप सक्तीचा केला. आपल्याकडं तसा नियम कोणी विचारत नाही, म्हणून आपणच विचारायचा.

बॅटरी पण संपली तर? प्रत्येक मोटरीला हातानं चालवायची सोय असते. सरकत्या फाटकाच्या मोटरीला चावी असते, ती फिरवली की गिअर सुटते आणि फाटक हातानं सरकते. शटरच्या मोटरीला साखळी असते. आता इथं एक मोठी गोम आहे जी बहुतेक जण बसवून झाल्यावर शोधून काढतात: शटरची साखळी आतून असते. शेडला दुसरं दार नसेल, शटर खाली आहे, लाईन नाही, तुम्ही बाहेर उभे आणि साखळी आत लटकून राह्यली आहे. मग पत्रा काढायचा. म्हणून एकच तोंड असलेल्या शेडला मोटर लावायच्या आधी मागच्या भिंतीत छोटं दार करा, किंवा बाहेरून चावीनं सोडता येईल अशी सोय मोटरवाल्याकडून लिहून घ्या. फाटकाची रिलीज चावी पण घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा आणि महिन्यातून एकदा फिरवून पाहा, धुळीनं जाम होते.

मृगाच्या आधीच्या विजांचं तर तुम्हाला माहीतच आहे, टीव्ही, राऊटर, पंपाचा स्टार्टर सगळं जाते. मोटरीचा बोर्ड त्यांचाच भाऊ. वेगळी एमसीबी टाका, सर्ज प्रोटेक्टर लावा, अर्थिंग नीट करा. उन्हाळ्यात काळी माती भेगाळून सुकली की अर्थिंग नावालाच उरते, खड्ड्यात पाणी टाकत राहा. आणि लोखंडी फाटकात करंट उतरायची भीती खरी आहे, वायर कुठंतरी घासली आणि पावसात कोणी फाटकाला हात लावला तर! 30 मिलिअँपियरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच, लावल्याशिवाय मी काम हातात घेत नाही, गिऱ्हाईक कितीही म्हणो की राहू द्या.

एवढं सगळं जमत असेल तर आता मोबाईल. गंमत अशी की सगळ्यात जास्त चर्चा याचीच होते आणि सगळ्यात कमी पैसा यालाच लागते. मोटरीच्या बोर्डावर पुश बटणाचे दोन पॉइंट असतात, ते क्षणभर जोडले की फाटक चालते. वायफायवाला रिले काय करते, तर फोनवरून सांगितलं की हे दोन पॉइंट जोडून सोडून देते. बस. त्यासाठी ड्राय कॉन्टॅक्टवाला रिलेच घ्या, म्हणजे जो स्वतःचा करंट सोडत नाही, नुसते पॉइंट जोडते. पंखा-लाईटचा साधा स्मार्ट स्विच घेतला तर तो त्या नाजूक पॉइंटवर 230 व्होल्ट सोडते आणि बोर्डाचा धूर निघते.

रिले लावला की ॲपमध्ये दोन सेटिंग स्वतः पाहा, बसवणारा पाहत नाही. एक, रिले एक सेकंद लागून सुटला पाहिजे, त्याला ॲपमध्ये इंचिंग किंवा पल्स म्हणतात. हे केलं नाही तर बटण दाबूनच राहते आणि मोटर पुढचं काही ऐकत नाही. दुसरी, लाईन परत आल्यावर रिले कोणत्या स्थितीत यायचा, तिथं "ऑफ" ठेवा. हे "ऑन" राहिलं तर रात्री दोन वाजता लाईन येते, रिले टक करते, आणि तुम्ही झोपेत असताना फाटक उघडून गावाला रामराम करते. ढोरं बाहेर, कुत्री आत.

वायफाय म्हटलं की राऊटर पण इन्व्हर्टरवर पाहिजे, फाटकापर्यंत 2.4 गिगाहर्ट्झची रेंज पाहिजे कारण हे रिले बहुतेक 5 वर चालतच नाहीत, आणि फायबर चालू पाहिजे. खेड्यात फायबर खांबाखांबांवरून लोंबत येते, त्याला माकडं झोके घेतात, ट्रॉलीवरच्या कुटारात अडकून ते तुटते. दोन दिवस नेट नाही हे नेहमीचंच. म्हणून रिले असा पाहिजे जो नेट नसताना पण घरच्या वायफायवर चालेल. सगळं काही कंपनीच्या सर्व्हरवरूनच चालत असेल तर नेट गेलं की तुम्ही गेले, आणि कंपनी गेली की कायमचे गेले. अमेरिकेत इन्स्टिऑन नावाच्या स्मार्ट-होम कंपनीनं एप्रिल 2022 मध्ये अचानक सर्व्हर बंद केले, लोकांना सकाळी उठल्यावर कळलं की ॲप चालत नाही.

माझं मत विचाराल तर खेड्यात वायफायपेक्षा मिस्ड कॉलवालं बरं. विहिरीच्या पंपाला मोबाईल स्टार्टर लावलेले आपल्याकडं कितीतरी आहेत, त्यातलाच प्रकार, सिम टाकलेला डबा असते, त्या नंबरला घंटी दिली की तो कॉल कापते आणि फाटक उघडते. कॉल उचललाच जात नाही म्हणून पैसे लागत नाहीत, साध्या बटणाच्या फोनवरून पण चालते, बुढ्याला ॲप शिकवायची गरज नाही. दोन गोष्टी मात्र पाहा. स्वस्तातले बरेच डबे 2जीवर चालतात आणि जिओचं 2जी नाही, त्यात जिओचं सिम टाकून डबा खराब आहे म्हणू नका, दुसऱ्या कंपनीचं टाका नाहीतर 4जीवाला डबा घ्या. आणि त्या सिमला रिचार्ज लागते, व्हॅलिडिटी संपली की फाटक मुकं. सेटिंगमध्ये कंपनीचा मूळ पासवर्ड बदला आणि ठरलेल्या नंबरांनाच परवानगी द्या, काही डब्यांत कोणीही फोन लावला तरी उघडेल अशी पण सेटिंग असते, ती चालू राहिली तर रॉंग नंबरनं फाटक उघडायचं.

आणि साधा रिमोट विसरू नका! रात्री ट्रॅक्टरवर बसून चिखलाच्या हातानं फोन काढण्यापेक्षा चावीच्या छल्ल्यातलं बटण दाबणं सोपं आहे. फक्त रिमोट रोलिंग कोडचा, म्हणजे दर वेळी कोड बदलणारा घ्या, फिक्स कोडच्या रिमोटची कॉपी सहज निघते.

चोरीचं म्हणाल तर गावात फाटक हॅक करणारा यायची शक्यता कमी, पण अशक्य नाही. एप्रिल 2023 मध्ये अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेनं नेक्स कंपनीच्या गॅरेज कंट्रोलरबद्दल इशारा दिला होता, त्यात सगळ्या ग्राहकांसाठी एकच पासवर्ड आतच ठेवलेला निघाला, म्हणजे कोणीही कुणाचंही दार उघडू शकत होतं. आपल्याकडं धोका जवळचा असते. सालदार सोडून गेला, ड्रायव्हर बदलला, पण त्याचा नंबर डब्यात तसाच. पाडव्याला सालदाराचा हिशोब करता ना, त्याच दिवशी नंबर पण काढा. एकच लॉगिन सगळ्या घराला देऊ नका, ज्याचं त्याचं वेगळं ठेवा. आणि गोदामात माल असेल तेव्हा मोटरीच्या भरवशावर राहू नका, खालून कुलूप लावाच, फक्त कुलूप लावलेलं असताना कोणी मोबाईलवरून शटर उचललं तर पट्ट्या वाकतात, म्हणून त्या दिवसांत मोटरीची एमसीबी खाली पाडून ठेवा.

लेकरांचं सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. अंगणात लेकरं, शेळ्या, कोंबड्या, कुत्र्याची पिल्लं सगळी फाटकापाशीच असतात. अमेरिकेत 1993 पासून बनणाऱ्या घरगुती ओपनरला फोटो-आय किंवा तशीच सोय सक्तीची आहे, म्हणजे मधात कोणी आलं की बंद होणारं दार उलट फिरते. आपल्याकडं गिऱ्हाईक पैसे वाचवायला पहिलं हेच काढायला सांगते. काढू नका. दोन्ही खांबांना फोटोसेल म्हणजे हेच फोटो-आय लावा, एक बुटका म्हणजे शेळीच्या उंचीवर, आणि दर काही दिवसांनी काच पुसा, धूळ बसली की फाटक बंदच होत नाही. शटरच्या साध्या एसी मोटरीला तर खाली काय आलं हे अजिबात कळत नाही. म्हणून पुण्यात बसून गावातलं शटर बंद करायचं नाही, कॅमेऱ्यात दिसत असेल तरी नाही, कारण कॅमेऱ्याचं चित्र दोन-चार सेकंद मागं असते. उघडणं एक वेळ चालेल, बंद करणारा माणूस समोर उभा पाहिजे.

तर कोणाला हो म्हणतो मी? गावठाण फीडरवरचं घर, चांगल्या पायावरचं सरकतं फाटक, घरात म्हातारं किंवा एकटं माणूस, रोजचं येणं-जाणं, त्यांना डीसी मोटर, बॅटरी, रिमोट आणि मिस्ड कॉलचा डबा. वायफाय हौस असेल तर. वावरातल्या शेडला नाही. कापूस-सोयाबीन भरलेल्या गोदामाला नाही, तिथं सेन्सर आणि कॅमेरा. दोन पल्ल्यांचं जुनं फाटक असेल तर त्याला मोटरीचे हात लावण्यापेक्षा आधी ते बदलायचं का याचा विचार करा.

आणि घाई करू नका. नवीन ट्रॅक टाकायचा असेल तर दिवाळीनंतर टाकून घ्या, एक उन्हाळा आणि एक पावसाळा त्याला तसाच जाऊ द्या, हातानं वापरा. पाऊस संपल्यावर फाटक अजून एका हातानं सरकते का पाहा, मग मोटर. काँक्रीट टाकतानाच मात्र घरापासून दोन्ही खांबांपर्यंत एक इंची पीव्हीसी पाईप पुरून घ्या, एक लाईनसाठी आणि एक वेगळा फोटोसेलच्या वायरसाठी, आत बारीक तार ओढून तोंडं बंद करून ठेवा, नाहीतर त्यात उंदीर घर करतात.